वाईच्या घाटावरची एक नोंद

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतरच्या हिवाळ्यात, विश्वकोशासाठी नोंद कशी लिहावी हे शिकवणाऱ्या एका कार्यशाळेसाठी मी सांगलीहून वाईला गेलो होतो. भूगोल शिकवण्यात उभी हयात गेलेली. चार ओळी लिहायला आता कोणी शिकवायला हवे का, अशी थोडी घमेंडच मनात होती. ती कशी उतरली, ते आज सांगायचे आहे.

वाई हे विद्येचे जुने ठिकाण. येथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शिकायला १९१७ मध्ये विनोबा भावे आले होते. याच पाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले आणि एवढ्या मोठ्या कामाचे कार्यालय कृष्णाकाठच्या या लहान गावी थाटले गेले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली.

कार्यशाळेत सरावासाठी शब्द दिला होता ‘घाट’. शब्द मोठा फसवा. पाचगणीला जाताना आपण पसरणीचा चढतो तो घाट, आणि कृष्णेच्या पाण्यात पाय सोडून बसतो तोही घाटच! माझ्या वाट्याला नदीचा आला. मी झरझर दोन पाने लिहिली. ‘दक्षिण काशी’, ‘पांडवकालीन विराटनगरी’, ‘अप्रतिम सौंदर्य’, सगळे त्यात आले. एका ज्येष्ठ संपादकांनी ती शांतपणे वाचली. म्हणाले, ‘‘सर, विराटनगरी ही लोकांची समजूत आहे, तेव्हा समजूत म्हणूनच लिहा. ‘अप्रतिम’ने वाचकाला काहीच कळत नाही. आणि घाट बांधतात कशासाठी, हे तर राहूनच गेले. संध्याकाळी एकदा बघून या.’’

गेलो. वाईत नदीकाठाने एकापुढे एक सात घाट आहेत. गणपती घाटावर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. दर्शन घेऊन आपण समोरूनच परततो. त्या दिवशी मी प्रथमच देवळाच्या मागे गेलो. मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आला की दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. बांधणाऱ्याने पूर येणार हे धरूनच देऊळ बांधले होते.

पायरीवर एक बाई कपडे धूत होत्या. पाणी वाढल्यावर काय करता, असे विचारले. ‘‘काका, पाणी चढलं की आम्ही वरच्या पायरीवर बसतो,’’ त्या म्हणाल्या. घाटाचे मर्म एवढ्यात आले. नदी कमी होवो वा वाढो, पाण्याशी एक पायरी असतेच. शिवाय दगडी बांधणीमुळे काठाची माती धुपत नाही.

श्रोतेहो, वाईला लहान दिसणारी हीच कृष्णा कराडला कोयनेला घेते आणि आपल्या सांगलीला येते. जवळच हरिपूरला वारणा मिळते. आयर्विन पुलाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले. माझ्या घरात छातीएवढे होते. कपाटातली खालच्या कप्प्यांची पुस्तके गेली. आयुष्यभर मुलांना नद्या शिकवल्या, पण घर घेताना नदी कुठवर येते, हे कोणाला विचारले नव्हते.

रात्री नोंद पुन्हा लिहिली : ‘घाट : नदीचा काठ दगडी पायऱ्यांनी बांधून केलेली उतरण. पाण्याची पातळी कोणतीही असो, पाण्यापर्यंत सुरक्षित जाता यावे व काठ धुपू नये, हा हेतू.’ दोन पानांच्या दोन ओळी झाल्या. सकाळी संपादकांनी त्यातला ‘सुरक्षित’ हा शब्द तेवढा खोडला. ‘‘पुरातसुद्धा?’’ एवढेच विचारले. मी काय बोलणार?

घरी परतलो तेव्हा रंगकाम चालू होते. भिंतीवरची पुराची रेघ रंगारी पुसायला निघाला होता. त्याला थांबवले आणि रेघेशेजारी महिना आणि साल लिहून घेतले. माझ्या नोंदींत खाडाखोड न झालेली ती एकच.