गाणे माहेरचे, मत सासरचे

युरोपात दरवर्षी मे महिन्यात एक गीतस्पर्धा भरते. युरोव्हिजन हे तिचे नाव. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारणसंस्थांच्या संघटनेने 24 मे 1956 रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ती सुरू केली, तेव्हा सात देश तिच्यात उतरले होते. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम अकरा वर्षे लोटली होती. ज्या राष्ट्रांनी परस्परांची शहरे बेचिराख केली, त्यांनी एका रात्री एकमेकांची गाणी ऐकावीत, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. 2025 साली स्पर्धेत 37 देश होते आणि ती पाहणारे लोक कोट्यवधी.

स्पर्धेचा नियम सोपा आहे. प्रत्येक देश इतर देशांच्या गीतांना गुण देतो. सर्वाधिक पसंतीच्या गीतास 12, दुसऱ्यास 10 आणि पुढच्यांस 8 पासून 1 पर्यंत, ही गुणांची उतरंड 1975 पासून चालत आली आहे. अट एकच, पण कडक. स्वतःच्या देशाच्या गीताला मत देता येत नाही.

आपल्या विषयाचे मूळ याच अटीत आहे. मायदेशी राहणाऱ्याला आपल्या गीतासाठी मत देण्याची मुभा नाही. पण पोटापाण्यासाठी परदेशी गेलेल्या त्याच्या भावाला ती आहे. लेक सासरी गेली की माहेरच्या कारभारातला तिचा वाटा संपला, असे पूर्वी मानले जाई. येथे नेमके उलटे घडते. माहेरच्या गाण्याला मत देण्याचा अधिकार सासरी गेलेल्या लेकीलाच उरतो.

पाहुण्यांचा कौल

प्रारंभीची चार दशके गुण देण्याचे काम बहुतांशी परीक्षक मंडळांकडे असे. 1997 मध्ये जर्मनी, ब्रिटन, स्वीडन, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या पाच देशांनी प्रेक्षकांना दूरध्वनीवरून मत देऊ दिले. पुढच्याच वर्षी बहुतेक देशांनी ही रीत उचलली. 1997 च्या त्या स्पर्धेत तुर्कस्तान तिसरा आला. तोपर्यंत नवव्या क्रमांकाच्या वर त्याला कधी जाता आले नव्हते. नंतरच्या काळात जर्मनीचे 12 गुण कित्येकदा तुर्कस्तानच्या पदरात पडले.

याचे कारण संगीतात शोधण्याआधी इतिहासात शोधावे लागते. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. आलेल्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटले गेले. पाहुणा काही दिवसांनी परततो, ही अपेक्षा त्या शब्दातच होती. 1973 मध्ये नवी भरती थांबली. परंतु आलेले लोक परतले नाहीत. त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतले, दुकाने थाटली, मशिदी उभारल्या. पुढे दूरध्वनीवरून मत देण्याची सोय झाली, तेव्हा या घरांनी आपले अस्तित्व एका गाण्याच्या निमित्ताने नोंदवले.

मूठभर लोकांच्या मताने एका मोठ्या देशाचा कौल कसा फिरतो, हे व्यापारी कुटुंबांना उकलून सांगण्याची फारशी गरज नाही. अंतिम फेरीत सुमारे पंचवीस गीते असतात. समजा, शंभर मते पडली. ती सारखी विभागली गेली तर प्रत्येक गीताच्या वाट्याला चार येतात. चांगल्या गीताला आठ-दहा मिळतील. अशा वेळी बारा माणसे एका गीतामागे ठामपणे उभी राहिली, की ते गीत पहिले येते. इतरांची मते किरकोळ विखुरतात. प्रवासी समाजाची मते घाऊक पडतात. शिवाय पाहणारे पुष्कळ असले तरी मत देण्याची तसदी घेणारे थोडे, आणि ज्याचे मन गुंतलेले असते तो ही तसदी हमखास घेतो.

एक टक्का

पोलंडचे उदाहरण याहून बोलके आहे. 1 मे 2004 रोजी पोलंड युरोपीय संघात गेला. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तीन देशांनी नव्या सदस्यांच्या कामगारांना त्याच दिवसापासून दार उघडले. 2011 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिश ही मुख्य भाषा सांगणाऱ्यांची संख्या 5 लाख 46 हजार भरली. एकूण लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण जेमतेम एक टक्का.

2014 साली कोपनहेगनच्या स्पर्धेत ब्रिटिश प्रेक्षकांच्या मतांत पोलंडचे गीत पहिले आले. त्या गीताच्या सादरीकरणाचा बराच गाजावाजा झाला होता, त्यामुळे ती सारीच मते पोलिश घरांतून आली असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. मात्र ब्रिटनच्या पाच परीक्षकांनी त्याच गीताला अगदी शेवटच्या स्थानी टाकले. त्या वेळी दोन्ही क्रमवाऱ्या एकत्र करून गुण काढले जात. परिणामी, ज्या गीताला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, त्याला ब्रिटनकडून एकही गुण मिळाला नाही.

2016 पासून प्रेक्षकांचे आणि परीक्षकांचे गुण वेगवेगळे जाहीर होऊ लागले. त्या वर्षी पोलंडच्या मिखाउ श्पाक या गायकाला साऱ्या युरोपातील परीक्षकांकडून मिळाले 7 गुण आणि प्रेक्षकांकडून 222. एकाच गीताच्या दोन मापांतील हे अंतर पाहून सारेच थक्क झाले.

राग आहे, द्वेष नाही

असे प्रकार वाढले, तेव्हा पश्चिम युरोपातून तक्रारीचा सूर उमटला. गाणे कोण ऐकतो आहे? लोक तर नकाशा पाहून मत देतात! शेजारी शेजाऱ्याला देतो, प्रवासी मायदेशाला देतो. मग गुणवत्तेचे काय? या तक्रारींमुळे 2009 पासून अंतिम फेरीत परीक्षक मंडळे परत आणली गेली आणि निम्मे वजन त्यांना देण्यात आले.

तक्रारीत तथ्य किती, याचा शोध लंडनमधील संख्याशास्त्रज्ञ मार्ता ब्लांजार्दो आणि जानलुका बायो यांनी अनेक वर्षांच्या मतांवरून घेतला आणि 2014 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष जैन वाचकाला विशेष अर्थपूर्ण वाटेल. काही देशांचा काही देशांकडे सौम्य ओढा आहे आणि संस्कृती, शेजार व स्थलांतर यांच्याशी त्याचा संबंध जुळतो. परंतु एखाद्या देशाने दुसऱ्याला जाणूनबुजून डावलल्याचा पुरावा मात्र सापडत नाही. आपल्या परिभाषेत सांगायचे तर येथे राग आहे, द्वेष नाही.

आपल्या आचार्यांनी राग आणि द्वेष ही जोडी नेहमी एकत्र मांडली. वीतराग होण्यासाठी दोन्ही सुटावे लागतात. तरीही संसारी माणसाच्या हिशेबात या दोहोंचे ओझे सारखे नसते. परमुलखात रात्रपाळी करून आलेला कामगार आपल्या भाषेतले गाणे ऐकून डोळे पुसतो आणि दूरध्वनी उचलतो, यात त्याने कोणाचे हिरावून घेतलेले नसते. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत वात्सल्याला स्थान आहे. साधर्मिकाचा हात धरणे हे त्याचेच रूप. आपल्या पूर्वजांनी राजस्थान-गुजरातेतून महाराष्ट्रात येऊन गावोगावी पेढ्या घातल्या, तेव्हा पहिली उधारी आणि पहिला आसरा त्यांना आपल्याच माणसांकडून मिळाला. त्याला पक्षपात म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोण करील?

आधार मिळतो, विजय मिळत नाही

प्रश्न उरतो तो या आधाराच्या मर्यादेचा. स्पर्धेचे निकालच ती मर्यादा दाखवतात.

222 गुण मिळवूनही पोलंड 2016 मध्ये आठवाच राहिला. आर्मेनियाचे लोक तर जगभर विखुरलेले. एके काळी सुरत आणि कोलकाता येथेही त्यांच्या व्यापारी वसाहती होत्या. 1915 च्या नरसंहारानंतर फ्रान्समध्ये त्यांची मोठी वस्ती झाली. 2006 मध्ये आर्मेनिया स्पर्धेत उतरला आणि 2008 व 2014 अशी दोन वेळा चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पहिला मात्र कधी झाला नाही. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पोर्तुगीजांची संख्या मोठी आहे. दूरध्वनी-मतदान रूढ झाल्यावरही पोर्तुगालला पहिल्या विजयासाठी 2017 पर्यंत थांबावे लागले. 1964 पासून चाललेली ती प्रतीक्षा साल्वादोर सोब्राल या गायकाने पोर्तुगीज भाषेतील एका संथ, साध्या गीताने संपवली. परीक्षक आणि प्रेक्षक या दोघांनीही त्याला पहिले ठरवले; एकूण गुण 758. ज्यांना त्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता, त्यांची मते मिळाली म्हणून हे घडले.

तुर्कस्तानही एकदाच जिंकला, 2003 मध्ये रिगा येथे, सर्टाब एरेनर हिच्या गीताने. तिला 167 गुण, दुसऱ्या आलेल्या बेल्जियमला 165. त्या गीताची चाल तुर्की होती, शब्द इंग्रजी. आपल्या माणसांना ओळख पटावी आणि परक्यांना अर्थ कळावा, अशी ती जुळणी होती.

व्यापाराचेही तसेच आहे. समाजाच्या भरवशावर दुकान उघडते. ते चालते परगल्लीतल्या गिऱ्हाइकाच्या विश्वासावर. ज्या पेढीची वहीखाती केवळ नातलगांच्या नावांनी भरली, ती टिकते, पण वाढत नाही.

2016 चा निकाल आणखी एका दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी परीक्षकांच्या यादीत ऑस्ट्रेलिया पहिला होता, प्रेक्षकांच्या यादीत रशिया. जिंकले मात्र युक्रेन. दोन्ही याद्यांत दुसऱ्या स्थानी असलेली जमाला 534 गुणांनी पहिली आली. जाणकारांचे माप आणि लोकांचे माप ही दोन्ही सत्याची एकेक बाजू आहेत, एकाच मापाने निकाल पुरा होत नाही, ही गोष्ट अनेकांताच्या अभ्यासकाला सहज पटावी.

पुढची पिढी

काळाबरोबर माहेर आणि सासर यांच्या सीमाही पुसट होतात. 1999 मध्ये जेरुसलेम येथे जर्मनीच्या वतीने गायला उभा राहिलेला ‘सुरप्रिझ’ हा गट तुर्की घरांतील मुलामुलींचा होता. जर्मन, तुर्की, इंग्रजी आणि हिब्रू अशा भाषांतून त्यांनी गाऊन जर्मनीला तिसरा क्रमांक मिळवून दिला. मोरोक्कन आईवडिलांची मुलगी लोरीन हिने 2012 आणि 2023 असा दोनदा स्वीडनला विजय दिला. इजिप्शियन पित्याचा मुलगा महमूद 2019 मध्ये इटलीसाठी दुसरा आला. आजोबांनी मायदेशासाठी दूरध्वनी फिरवला. नातवंडे नव्या देशाचे नाव घेऊन मंचावर उभी राहिली. या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदू शकतात.

2023 पासून सहभागी नसलेल्या देशांतील रसिकांनाही इंटरनेटवरून मत देता येते. त्या सर्वांची मते मिळून एका देशाइतकी धरली जातात. आणि 2026 च्या स्पर्धेसाठी एका व्यक्तीला देता येणाऱ्या मतांची मर्यादा 20 वरून 10 वर आणण्याचे ठरले, सरकारांच्या बळावर चालणाऱ्या प्रचाराला आवर घालण्याचेही नियम झाले. प्रेमाला बंदी नसावी, पण त्याची संघटित मोहीम होऊ नये, असा या निर्णयाचा आशय दिसतो.

अँटवर्पच्या हिरेबाजारात आपल्या समाजाची अनेक कुटुंबे पिढ्यानपिढ्या आहेत, आणि 1956 च्या त्या सात देशांत बेल्जियमही होता. लंडन-लेस्टरलाही आपली मोठी वस्ती आहे. युरोव्हिजनच्या रात्री तेथील घरांतही दूरदर्शन सुरू असतो. भारत या स्पर्धेत नाही, म्हणून या घरांचे माहेर त्या मंचावर कधी उभे राहत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या चार भावनांपैकी प्रमोद म्हणजे गुणवंतांना पाहून होणारा आनंद. पोलिश गवंड्याला त्या रात्री वात्सल्य आणि प्रमोद यांतून एकाची निवड करावी लागते. अँटवर्पच्या आपल्या लेकीसुनांपुढे हा पेच नाही. पंचवीस गीतांपैकी जे खरोखर उत्तम वाटले, त्याला निखळ प्रमोदाने मत देण्याची संधी त्यांना लाभली आहे. वर्षातून एक रात्र का होईना, पण ती मोलाची आहे.