जीवाणूंची कात्री आणि घरातले इन्सुलिन

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी फ्रिजच्या दारात इन्सुलिनची बाटली असते. तिच्याकडे पाहून एखादी दादीमाँ विचारतेच, "बाळा, यात डुकराचे काही नाही ना?"

ही शंका उगाच आलेली नाही. १९२२ मध्ये टोरांटोत मधुमेही रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे हे औषध कत्तलखान्यातील गुराढोरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढले जाई. दुसरा इलाज नसेल आणि जिवावर बेतले असेल, तर सवलतीचा मार्ग शरियतमध्ये आहे. तरी मनाला टोचणी राहायचीच.

यातून सुटका झाली ती जीवाणूंमधल्या एका कात्रीमुळे. विषाणू जीवाणूवर हल्ला करतो तेव्हा आपला डीएनए त्याच्या पेशीत सोडतो. जीवाणूतील काही एन्झाइम, म्हणजे विकरे, हा परका डीएनए ओळखून त्याचे तुकडे करतात. जीवाणूच्या स्वतःच्या डीएनएवर रासायनिक खुणा असल्याने तो मात्र वाचतो. यातले 'इको-आर-वन' हे विकर डीएनएवर जीएएटीटीसी ही सहा अक्षरे याच क्रमाने आली, तरच तिथे कापते. कापलेली टोके चिकट असतात. त्याच विकराने कापलेला दुसरा कुठलाही तुकडा तिथे जुळतो आणि लायगेज नावाचे विकर तो सांधा पक्का करते.

या कात्रीच्या शोधाबद्दल वर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुके प्रयोगशाळेत तयार केली आणि ई. कोलाय जीवाणूंच्या गोलाकार डीएनएत बसवली. जीवाणूंनी बनवलेल्या दोन साखळ्या जोडून इन्सुलिन तयार झाले. १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

म्हणून बाटलीवर 'ह्यूमन इन्सुलिन' वाचून ते माणसाच्या शरीरातून काढले असावे, असे समजू नये. रचना मानवी, कारागीर सूक्ष्मजीव! लेबलवर 'आर-डीएनए' असेल, तर ते याच पद्धतीने बनले आहे. 'पोर्साइन' म्हणजे डुकराचे आणि 'बोवाइन' म्हणजे गुरांचे.

तेव्हा आपण लेबल वाचू या, डॉक्टरांना विचारू या, गरज वाटली तर आलिमांचा सल्ला घेऊ या. पण केवळ शंकेपोटी घरातल्या कुणाचेही इंजेक्शन बंद होऊ देऊ नये. जीव ही अल्लाहने दिलेली अमानत आहे.