विनिमय प्राचल, चुंबकीय

चुंबकीय पदार्थातील दोन अणूंची परिवलने एकमेकांस समांतर किंवा प्रतिसमांतर ठेवू पाहणाऱ्या परस्परक्रियेची तीव्रता दर्शविणारी राशी. या परस्परक्रियेचे मूळ चुंबकीय बलात नसून, पाउली यांचे विवर्जन तत्त्व व इलेक्ट्रॉनांमधील विद्युत् प्रतिसारण यांच्या संयोगात आहे. प्येर व्हाइस यांनी १९०७ मध्ये लोहचुंबकात एक प्रबळ अंतर्गत क्षेत्र गृहीत धरले होते. त्याचे पुंज यामिकीय स्पष्टीकरण व्हेर्नर हायझेनबेर्क यांनी १९२८ मध्ये दिले. लोखंडात हे क्षेत्र पुढील मूल्यांवरून सुमारे २,७०० टेस्ला येते. प्रयोगशाळेतील स्थिर क्षेत्रे ४५ टेस्लांच्या आसपासच थांबतात, हे लक्षात घेतल्यास त्याच्या प्रबलतेची कल्पना येईल.

आणवीय सदृशीकरणात प्रत्येक अणूचे चुंबकीय परिबल एका सदिशाने दर्शवितात आणि अशा असंख्य सदिशांचे वर्तन संगणकाच्या साहाय्याने काढतात. शेजारच्या दोन सदिशांचा अदिश गुणाकार करून त्यास विनिमय प्राचलाने गुणले व ऋण चिन्ह दिले म्हणजे त्या जोडीची ऊर्जा मिळते. या संकेतानुसार धन प्राचल लोहचुंबकत्व व ऋण प्राचल प्रतिलोहचुंबकत्व दर्शविते. काही ग्रंथांत ऋण चिन्ह वगळतात. तेथे अर्थ नेमका उलटा होतो.

लोखंडाचे क्यूरी तापमान १,०४३ के. आहे व त्याच्या पिंडकेंद्रित घनीय जालकात प्रत्येक अणूस ८ निकटतम शेजारी असतात. केवळ या शेजाऱ्यांचाच विचार केला, तर बोल्ट्समान स्थिरांक व क्यूरी तापमान यांच्या गुणाकाराची तिप्पट शेजाऱ्यांच्या संख्येने आणि ०·७६६ या दुरुस्ती गुणकाने भागून प्राचल मिळते. हा गुणक परिवलन तरंगांमुळे घ्यावा लागतो. उत्तर प्रत्येक जोडीस ७·०५ × १०⁻²¹ जूल, म्हणजे सुमारे ४४ मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट येते. वास्तविक लोखंडात दूरच्या अणूंचाही वाटा असल्याने हे मूल्य एका सोप्या प्रतिकृतीपुरतेच खरे आहे.

एककांचे रूपांतर ही त्यामानाने किरकोळ बाब होय. १ मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे १·६०२ × १०⁻²² जूल. रिडबर्ग एककातील मूल्येही अशीच बदलून घेता येतात. खरी फसगत होते ती बेरजेच्या संकेतामुळे. वरील मूल्यात प्रत्येक जोडी एकदाच मोजली आहे. तीच जोडी पहिल्या अणूकडून एकदा व दुसऱ्याकडून पुन्हा मोजणारे सूत्र वापरल्यास प्राचल निम्मे, म्हणजे ३·५२५ × १०⁻²¹ जूल घ्यावे लागते. हा फरक न पाहता पहिले मूल्य दुसऱ्या सूत्रात घातले, तर क्यूरी तापमान २,०८६ के. येते. लोखंड १,८११ के. तापमानास वितळते, तेव्हा असे गणित वितळबिंदूच्या पलीकडेही लोखंडास चुंबक ठरविते! उलट चूक झाल्यास तापमान सुमारे ५२२ के. इतके कमी येते. ही चूक अधिक घातक म्हणावी लागेल, कारण तीत असंभवनीय असे काही दिसत नाही.

सदिशाच्या लांबीचेही तसेच आहे. वरील मूल्य १ लांबीच्या सदिशांसाठी आहे. लोखंडाच्या अणूचे परिबल २·२२ बोर मॅग्नेटॉन असते. सदिशाची लांबी तेवढी घेतली, तर प्राचल २·२२ च्या वर्गाने, म्हणजे सुमारे ४·९ ने भागावे लागते. म्हणून प्रसिद्ध झालेले कोणतेही मूल्य त्याच्या ऊर्जासूत्रासह वाचावे. नुसत्या अंकास अर्थ नसतो. [⟶ लोहचुंबकत्व]