नंबर पुसला जातो, घर राहतं

पांढुर्णा आणि सौसर हे मराठी बोलणारे भाग ऑक्टोबर २०२३मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून बाहेर पडले आणि पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मध्य प्रदेशातल्या जिल्ह्यांची संख्या ५५वर नेणाऱ्या बदलांपैकी हा एक. नव्या जिल्ह्याला जिल्हाधिकारी मिळाला, पाटी मिळाली. पण या जिल्ह्यात एकूण घरं किती आणि ती नेमकी कुठे आहेत, या प्रश्नाला आधार उरतो तो २०११च्या जनगणनेचा. तीही छिंदवाड्याच्या खात्यावरची. त्यातून तहसीलवार आकडे वेगळे काढायचे आणि बेरीज करायची. त्या बेरजेत २०११नंतर उभी राहिलेली एकही भिंत नाही.

२०२१ची जनगणना झाली नाही. घरयादीचं काम एप्रिल २०२०मध्ये सुरू व्हायचं होतं, त्याच्या तोंडावर कोरोना आला. आता १६ जून २०२५च्या अधिसूचनेनुसार १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे आणि घरयादीचा टप्पा एप्रिल २०२६पासून आहे. म्हणजे हा अंक वाचून होईपर्यंत तयारीची घाई सुरू झालेली असेल. म्हणूनच माणसं मोजण्याच्या आधीची गोष्ट आज मांडायला हवी. ती आहे घरांच्या यादीची.

आपल्याकडे घरयादी कशी होते ते आधी पाहू. प्रगणक, म्हणजे बहुतेक वेळा गावातला शिक्षक, आपल्या वाट्याच्या भागाचा हाताने नकाशा काढतो. साधारण ६५० ते ८०० वस्तीचा हा एक गट असतो. पक्कं घर चौकोनाने दाखवायचं, कच्चं त्रिकोणाने. राहती नसलेली इमारत आतून भरून काढायची. मग इमारतींना क्रमाने आकडे द्यायचे आणि तेच आकडे दारांवर रंगवायचे. एका इमारतीत वेगळ्या दाराचे दोन भाग असतील तर १०(१), १०(२). गणना संपली की नकाशा कागदपत्रांत जातो. दारावरचा आकडा पावसाळ्यात किंवा पुढच्या दिवाळीच्या रंगरंगोटीत जातो. दहा वर्षांनी दुसरा प्रगणक येतो आणि त्याच गल्लीत पुन्हा एकपासून सुरुवात करतो. १८८१पासून देशभर एकाच वेळी जनगणना होत आली आहे, आणि तरीही प्रत्येक वेळी घरांची यादी कोरी सुरू होते. एवढे कष्ट घेऊन बनवलेली वस्तू आपण जपत नाही, हे मला फार खटकतं.

आकड्याचं सोडा, ‘घर’ म्हणजे काय हेही या भागात सोपं नाही. जनगणनेच्या व्याख्येत रस्त्याकडून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य दार असलेला आणि वेगळा वापरला जाणारा भाग हे एक घर. कुटुंब मात्र ठरतं चुलीवरून: ज्यांचं जेवण एका स्वयंपाकघरात होतं ते एक कुटुंब. सौसरच्या बाजूच्या गावांत एका अंगणात तीन भाऊ राहतात, अंगण एक, दारं दोन, चुली तीन. धाकट्याचं लग्न झालं, मागच्या पडवीत त्याने चूल मांडली. ही नवी चूल पंचायतीच्या करनोंदीत दिसत नाही, कारण कर थोरल्याच्या नावावर आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांना ग्रामपंचायतीचा नमुना ८ माहीत असेल. तिथेही हेच होतं. करवसुलीची यादी मालक शोधते. सर्वेक्षणाला हवा असतो राहणारा.

पांढुर्णा-सौसरचा पट्टा संत्र्याचा. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडायला येतात. जनगणनेचा प्रत्यक्ष माणसं मोजण्याचा टप्पाही फेब्रुवारीतलाच: २०११मध्ये तो ९ ते २८ फेब्रुवारी असा होता. त्या दिवसांत बागेतल्या राखणदाराची झोपडी भरलेली असते, गावातलं त्याचं घर कुलूपबंद असतं. तोडणीला आलेले मजूर बागेच्या बांधावर असतात. सौसरजवळच्या बोरगावच्या औद्योगिक भागात खोल्या भाड्याने घेऊन राहणारी माणसं आहेत. नागपूरला कामाला असलेला मुलगा शनिवारी घरी येतो. आणि गावापासून दूर, रानाच्या कडेला गोंडांचा एखादा ढाना, म्हणजे छोटी वस्ती, असतो; महसुली यादीत तो वेगळं गाव नसतोच, मूळ गावाच्या नावाखाली येतो. प्रगणक नवखा असला आणि ढाना त्याच्या नकाशाच्या कोपऱ्यात राहिला, तर तिथली घरं सुटतात.

कुठलीही यादी चुकते, त्यात नवल नाही. चुकीची दिशा ठरलेली असते, हे वाईट आहे. मुख्य रस्त्यावरचं दुमजली घर कधी सुटत नाही. सुटते ती बागेतली झोपडी, मागच्या पडवीतली तिसरी चूल, भाड्याची खोली, ढाना. म्हणजे ज्यांच्यासाठी योजना आखल्या जातात तेच यादीबाहेर राहतात, आणि मग सरासरी खऱ्यापेक्षा बरी दिसते.

दोन जनगणनांच्या मधल्या सगळ्या सर्वेक्षणांवर याचा परिणाम होतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण ग्रामीण भागासाठी जनगणनेची गावयादी वापरतं, शहरांसाठी त्यांची स्वतःची गटवार आखणी आहे. तीत शहराचे लहान-लहान गट पाडलेले असतात आणि ती ठरावीक वर्षांनी नवी केली जाते. जानेवारी २०२५पासून श्रमबळ सर्वेक्षणाची रचना बदलली: नमुना निवडताना जिल्हा हाच मूळ स्तर धरला जातो. देशभरात २२,६९२ गावं आणि शहरी गट निवडायचे आणि प्रत्येकी १२ कुटुंबांना भेटायचं. पण निवडलेल्या गावात ती १२ कुटुंबं शोधण्याआधी सर्वेक्षकाला घरांची नवी यादी करावीच लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही तसंच, निवडलेल्या प्रत्येक ठिकाणी आधी नकाशा आणि घरयादी, मगच २२ कुटुंबांची निवड. त्याच्या पाचव्या फेरीने (२०१९–२१) मार्च २०१७अखेरचे ७०७ जिल्हे धरले होते. त्यात पांढुर्णा नव्हताच. इथली बाई तिथे छिंदवाड्याची बाई म्हणून मोजली गेली. एकाच गावात पाच खात्यांची माणसं पाच याद्या करतात आणि प्रत्येक यादी आपापल्या कपाटात जाते.

मध्य प्रदेशात एक मोठी नोंद मात्र रोज जिवंत असते. ती म्हणजे ‘समग्र’. प्रत्येक कुटुंबाला ८ आकडी आणि प्रत्येक सदस्याला ९ आकडी क्रमांक. लाडली बहना योजना असो, शिष्यवृत्ती असो, समग्र क्रमांकाशिवाय पान हलत नाही. मग वेगळी पत्त्यांची नोंद कशाला, असं कोणी विचारेल. समग्र ही माणसांची नोंद आहे आणि ती लाभाच्या ओढीने भरते. लाभासाठी कुटुंब कागदावर फुटतं किंवा जुळतं. ज्याला काही मागायचं नाही तो नोंद सुधारत नाही. रिकामं घर तिच्यात असूच शकत नाही. सर्वेक्षणाला रिकामं घरही हवं, कारण पुढच्या वर्षी त्यात कोणी राहायला येईल. मतदारयादीचंही तेच. ऑगस्ट २०२५मध्ये घर क्रमांक ‘शून्य’ असलेल्या मतदारांवरून देशभर वाद झाला. पंचायत आणि नगरपालिकेने क्रमांकच दिलेला नाही अशी असंख्य घरं आहेत, ही त्यामागची एक साधी वस्तुस्थिती.

पत्त्याच्या बाबतीत आपल्याकडे मोठी कामं झालेली नाहीत असं नाही. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेला पिनकोड हे श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याचं काम. ते संस्कृत कवीही होते. त्यांच्या रचनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश एकाच ४ या पहिल्या आकड्याखाली आले. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि छिंदवाडा दोन राज्यांत गेले होते. टपालाच्या नकाशावर ते शेजारी राहिले. पण पिनकोड टपाल कार्यालयाच्या हद्दीपर्यंत नेतो, दारापर्यंत नेत नाही. मे २०२५मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर तो तयार झाला. त्यात देशाची जमीन सुमारे ४ मीटर बाय ४ मीटरच्या चौकटींत वाटली आहे आणि प्रत्येक चौकटीला १० अक्षर-आकड्यांची खूण आहे. तो जागा सांगतो. त्या जागेवर घर आहे की गोठा, एक चूल की तीन, हे सांगत नाही. एप्रिल २०२०पासूनच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने आबादीचे नकाशे निघाले, मध्य प्रदेश त्यात पहिल्या राज्यांपैकी. तिथेही नजर मालकीवर आणि आबादीच्या हद्दीवर. बागेतली झोपडी हद्दीबाहेर.

या वेळची जनगणना मोबाइलवर होणार आहे आणि इमारतींना नकाशावर खूण लावली जाणार आहे. सुमारे ३४ लाख प्रगणक आणि पर्यवेक्षक घरोघरी जातील. म्हणजे इतिहासात पहिल्यांदा घरयादी अशा रूपात तयार होईल की ती पुसली जाणार नाही. ती २०२७नंतर जपायची आणि दरवर्षी दुरुस्त करायची. याहून मोठी संधी येणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

दुरुस्ती कोण करणार? ज्यांचे पाय रोज त्या गल्लीत पडतात ते. मध्य प्रांताच्या काळात गावातले जन्म-मृत्यू ठाण्यात कळवायचं काम कोटवाराचं होतं. कोटवार आजही आहे, पटवारी आहे, अंगणवाडी सेविका आहे. कुठे नवी चूल पेटली आणि कुठलं घर पडलं हे तिला आधी कळतं. तिच्यावर आणखी एक बिनपगारी काम लादायचं, असा याचा अर्थ होऊ नये. नोंदीमागे मोबदला ठरवावा, आणि नोंदही छोटी असावी: जागा, इमारतीचा प्रकार, किती दारं, किती चुली, वस्ती आहे की रिकामं. माणसाचं नाव नाही, जात नाही, मोबाइल नाही. गावाचं नाव कोणी ‘सौसर’ लिहील, कोणी ‘सौंसर’; म्हणून नावाशेजारी शासनाच्या स्थानिक संस्था निर्देशिकेतला गावाचा संकेतांक असावा.

नाव नको, हा माझा आग्रह आहे. डेन्मार्कने १९८१मध्ये घरोघर न जाता केवळ नोंदींवरून जनगणना केली. तिथे माणूस आणि पत्ता एकमेकांना जोडलेले आहेत. तो रस्ता आपला नाही. आपल्या १९४८च्या जनगणना कायद्याच्या १५व्या कलमाने गणनेच्या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. लोक खरी माहिती देतात त्यामागे हाच भरवसा आहे.

अमेरिकेत नेमका या मुद्द्यावर वाद झाला. तिथल्या जनगणना खात्याकडे पत्त्यांची मुख्य यादी कायमची असते आणि टपाल खात्याच्या वाटप यादीवरून ती वर्षातून दोनदा सुधारली जाते. १९८०च्या जनगणनेत आपली घरं सुटली असं म्हणत काही स्थानिक सरकारांनी ती यादी मागितली. १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता पत्ताही गोपनीय आहे, यादी मिळणार नाही. अखेर १९९४च्या कायद्याने मधला मार्ग निघाला: स्थानिक प्रतिनिधींनी गोपनीयतेची बांधिलकी स्वीकारायची, मग जनगणनेआधी आपल्या भागाची यादी पाहायची आणि सुटलेली घरं सुचवायची.

पांढुर्ण्यात हे करून पाहायला अडचण कमी आहे. जिल्हा लहान आहे, नवा आहे, कपाटं अजून रिकामी आहेत. जनगणनेत तहसीलदार आणि नगरपालिकेचा मुख्य अधिकारी हेच आपापल्या क्षेत्राचे चार्ज अधिकारी असतात. प्रशासकीय हद्दी बदलायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. त्यानंतर गावयादी गोठली. आता ग्रामसभेत ढाने, टोले आणि बागांतल्या वस्त्यांची नावं एकेक करून वाचली जावीत आणि प्रत्येक नाव कुठल्या प्रगणकाच्या गटात पडतं ते तहसील कार्यालयाकडून लिहून घ्यावं. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, लोधीखेडा, पिपळा नारायणवार या नगरांत हेच काम वॉर्डनिहाय करता येईल. नकाशातला रिकामा कोपरा आत्ता सापडला तर गणनेच्या वेळी तिथे कोणीतरी जाईल.