अँडन आला, दुभाषी नाही

चाकण-भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये बोलून काम होत नाही. आठ तासांसाठी आवाजाची कायदेशीर मर्यादा ९० डेसिबल. कानात प्लग घातलेला, ऐकू येणारा कामगारही तिथे ‘थांब’, ‘पुढे घे’ हातानेच सांगतो. लाइन अडली की अँडन, म्हणजे इशाऱ्याचा दिवा, लागतो. अँडन, काइझेन (सतत सुधारणा), पोका-योके (चूक होऊच न देणारी रचना) हे जपानी शब्द इथल्या सुपरवायझरच्या तोंडी कधीच बसलेत. अशा ठिकाणी कर्णबधिर कामगार मशीनवर कुठे कमी पडणार? त्याचं अडतं ते सेफ्टी ट्रेनिंगला आणि पगारवाढीच्या बोलणीला.

कारण हातवारे म्हणजे सांकेतिक भाषा नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेत ‘कुठे’, ‘का’ हे शब्द सहसा वाक्याच्या शेवटी येतात, भुवया आणि चेहरा व्याकरणाचं काम करतात. मराठी वाक्य शब्दामागून शब्द हातांनी दाखवलं म्हणजे ही भाषा झाली असं नाही. जपानमध्ये १९९५ साली हारुमी किमुरा आणि यासुहिरो इचिदा यांनी हेच ठणकावून मांडलं: कर्णबधिर हे रुग्ण नाहीत, वेगळी भाषा बोलणारे अल्पसंख्य आहेत. उशिरा ऐकू येईनासं झालेल्यांना ही व्याख्या आपल्याला वगळणारी वाटली, वाद झाले. पण २०१३ मध्ये तोत्तोरी प्रांताने सांकेतिक भाषेसाठी स्थानिक कायदा केला आणि २०२५ मध्ये देशाचा कायदा आला.

आपल्याकडची लढाई रस्त्यावर दिसली ती २५ फेब्रुवारी २०१९ला. शिक्षण आणि नोकऱ्यांच्या मागण्या घेऊन राज्यभरातले कर्णबधिर तरुण पुण्यात समाजकल्याण आयुक्तालयासमोर जमले आणि त्यांच्यावर लाठीमार झाला. ‘मागे सरका’ ही सूचना त्यांना कोणत्या भाषेत दिली असेल, हा प्रश्न मला अजून छळतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत कर्णबधिरांसाठी एक टक्का जागा राखीव आहेत. खाजगी कारखान्यांना असं बंधन नाही. जपानमध्ये खाजगी कंपन्यांनाही अपंगांच्या भरतीचं प्रमाण ठरवून दिलेलं आहे, २०२४मध्ये ते अडीच टक्क्यांवर गेलं. पण नुसत्या भरतीने भागत नाही. अपघाताची चौकशी घ्या. ‘लिहून दे’ म्हणत कागद पुढे सरकवला जातो. आपल्या शाळांनी वर्षानुवर्षं ओठ वाचायला लावून मराठी शिकवली, त्यामुळे अनेकांची लेखी मराठी कच्चीच राहिली. डोळ्यांदेखत घडलेलं कर्णबधिर कामगार हातांनी सविस्तर सांगू शकतो, पण ते समजून सांगणारा दुभाषी त्या खोलीत नसतो आणि जबाबात दोन तुटक ओळी उरतात.