वाढत्या कुटुंबाचा आरोग्यविमा

विमा हा शब्द मराठी घराला नवा नाही. परंतु त्या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो आयुर्विमा, म्हणजे कर्ता माणूस गेल्यास मागे राहिलेल्यांची केलेली तजवीज. माणूस हयात असून अंथरुणाला खिळला तर रुग्णालयाचे देणे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ काळ बायकोचे दागिने, भविष्यनिर्वाह निधी आणि थोरला भाऊ यांच्याच आधाराने सुटत आला. कामगारांकरिता कर्मचारी राज्य विमा योजना १९५२ मध्ये सुरू झाली, आणि केंद्र सरकारच्या नोकरांकरिता १९५४ मध्ये दिल्लीस आरोग्य योजना निघाली. या दोहोंच्या बाहेर राहिलेल्या मध्यमवर्गाला ‘मेडिक्लेम’ मिळाला तो १९८६ साली, त्या वेळच्या सरकारी विमा कंपन्यांकडून. आज कंपन्या अनेक आहेत आणि त्यांच्या पॉलिसी इतक्या तऱ्हांच्या आहेत की, पूर्वी विमा मिळत नसे ही अडचण होती, तशी आता निवडावा कोणता ही अडचण होऊन बसली आहे.

रक्कम किती आणि हप्ता किती, हे दोन प्रश्न प्रत्येकजण विचारतो. ज्या घरात अजून मुले व्हावयाची आहेत, त्या घराने तिसरा प्रश्न आधी विचारावा: संरक्षण कोणत्या दिवसापासून? कारण हप्ता भरला म्हणजे सगळे संरक्षण त्याच दिवशी सुरू होते असे नाही. पहिले ३० दिवस अपघाताखेरीज इतर दुखण्यांचा खर्च सामान्यतः मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू अशा काही नेमक्या विकारांसाठी बहुतेक ठिकाणी २ वर्षे थांबावे लागते. मधुमेह, रक्तदाब, दमा असे जे आजार विमा घेण्यापूर्वीच जडलेले असतील, त्यांच्यासाठी हा काळ ३ वर्षांपर्यंत असू शकतो; २०२४ पूर्वी ही कमाल मर्यादा ४ वर्षांची होती. या अटींमागे केवळ कंपनीची कंजुषी आहे असे मानण्याचे कारण नाही. दुखणे आल्यानंतर विमा घेता आला असता, तर धडधाकट माणसाने हप्ता भरलाच नसता, आणि मग दुखणाईतांसाठी पैसा कोठून येणार? अट न्याय्य असो वा नसो, तिचा व्यवहारातला अर्थ मात्र एकच आहे. प्रतीक्षेचा हा काळ जादा पैसे देऊन कधी थोडाफार कमी करता येतो. तो पुरता टाळता येत नाही.

बाळंतपणाच्या बाबतीत हे विशेष जाणवते. अनेक वैयक्तिक पॉलिसींत बाळंतपणाचा खर्च धरलेलाच नसतो. जेथे असतो तेथे ९ महिन्यांपासून ४ वर्षांपर्यंत थांबावे लागते, आणि मिळणाऱ्या रकमेवर निराळी मर्यादा असते. दिवस राहिल्यावर विम्याची चौकशी करणारी जोडपी त्यामुळे निराश होतात. माझे स्वतःचे मत असे की, नेहमीच्या बाळंतपणाचा खर्च हा अचानक कोसळणारा खर्च नव्हे. तो बाजूला साठविता येतो, आणि केवळ तेवढ्यासाठी वर्षानुवर्षे जादा हप्ता भरणे पुष्कळदा आतबट्ट्याचे ठरते. पण या सवलतीला जोडून दुसरे एक कलम असते, आणि ते खरोखर मोलाचे असते. मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मले किंवा त्याला जन्मतःच काही विकार असला, तर नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागात त्याला कित्येक आठवडे ठेवावे लागते. हा खर्च बाळंतपणाच्या खर्चाला कितीतरी मागे टाकतो. अनेक पॉलिसींत मुलाचे नाव ९० दिवसांनंतरच घालता येते, म्हणजे धोका सर्वांत अधिक असतो नेमके तेच दिवस उघडे पडतात. ज्या पॉलिसींत पहिल्या दिवसापासून बाळ धरले जाते, तेथे ही सोय बहुधा बाळंतपणाच्या कलमाबरोबरच येते. म्हणून ते कलम घ्यावे की नाही हे ठरविताना हिशेब आईच्या खर्चापेक्षा बाळाच्या धोक्याचा करावा, आणि लग्नानंतर लवकरच करावा.

नोकरी देणाऱ्या संस्थेकडून सामूहिक विमा असेल, तर हा प्रश्न पुष्कळसा सोपा होतो. अशा विम्यात बाळंतपण आणि नवजात बालक ही दोन्ही बहुधा प्रतीक्षेवाचून धरलेली असतात. मात्र नोकरी सुटली की तो विमाही सुटतो. चाळिशी उलटल्यावर, साखर वाढल्यावर नव्याने वैयक्तिक विमा घ्यावयास निघणाऱ्याला सगळी प्रतीक्षा प्रारंभापासून करावी लागते. तेव्हा कचेरीचा विमा असतानाही एक बेताची स्वतःची पॉलिसी लवकर सुरू करून ती चालू ठेवावी.

आता कुटुंबासाठी एकत्र पॉलिसी घ्यावी की प्रत्येकाची वेगळी? एकत्र पॉलिसीला ‘फॅमिली फ्लोटर’ म्हणतात. समजा, रक्कम १० लाखांची आहे. ती पतिपत्नी व मुले यांपैकी ज्याला लागेल त्याने वापरावी अशी योजना असते. तरुण कुटुंबाला ती स्वस्त पडते, कारण सगळी माणसे एकाच वर्षी रुग्णालयात जाण्याचा संभव थोडा. पण हप्ता ठरतो तो मुख्यतः घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या वयावरून. आईवडिलांना मुलांच्या फ्लोटरमध्ये बसविले की सगळ्यांचाच हप्ता चढतो, आणि वडिलांच्या एका शस्त्रक्रियेने नातवाच्या वाटणीचे संरक्षण त्या वर्षापुरते संपू शकते. आईवडिलांसाठी पॉलिसी वेगळी असावी. यात दुरावा कसला आला आहे? चूल एक असली तरी विमा दोन असण्यास हरकत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांच्या व त्यावरील नागरिकांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे. त्यांचे कार्ड आधी काढून घ्यावे.

ज्या एका कलमाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात ते म्हणजे खोलीच्या भाड्याचे. वरकरणी ते निरुपद्रवी दिसते. विमा ५ लाखांचा, आणि खोलीचे भाडे विम्याच्या १ टक्का, म्हणजे रोज ५,००० रुपयांपर्यंत मान्य, असे लिहिलेले असते. रुग्ण ८,००० रुपयांच्या खोलीत ५ दिवस राहिला. घरची माणसे हिशेब करतात की, रोजचे ३,००० याप्रमाणे १५,००० रुपये आपल्या खिशातून जातील. प्रत्यक्षात तसे होत नाही. रुग्णालयांत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार इत्यादी रकमा खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढत जातात. म्हणून कंपनी या संलग्न खर्चालाही तेच प्रमाण लावते. हा खर्च १,६०,००० रुपये असेल तर आठातील पाच हिश्शांनी १,००,००० मंजूर होतात. उरलेले ६०,००० आणि खोलीचे १५,००० मिळून ७५,००० रुपये घरच्यांनी भरावयाचे. औषधे, रोपणाची उपकरणे आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, आणि खोलीप्रमाणे दर न बदलणाऱ्या रुग्णालयातही लावता येत नाही. हे नियमाने स्पष्ट केलेले आहे. तरीही शक्य तर भाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी, मग विम्याची रक्कम थोडी कमी ठेवावी लागली तरी चालेल. रक्कम पुढे ‘सुपर टॉप-अप’ घेऊन वाढविता येते. समजा, पहिल्या ५ लाखांच्या पलीकडे वर्षभरात जो एकूण खर्च होईल तो अशी पॉलिसी देते, आणि तिचा हप्ता त्या मानाने पुष्कळ कमी असतो. नुसत्या ‘टॉप-अप’मध्ये ही मर्यादा प्रत्येक आजारपणाला निराळी मोजली जाते, दोन्ही नावे सारखी असल्यामुळे एवढे पाहून घ्यावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. काही कंपन्या शहरांचे गट पाडून हप्ता ठरवितात. लहान शहराच्या दराने पॉलिसी घेऊन मुंबई किंवा दिल्ली येथे उपचार घेतल्यास खर्चाचा काही टक्के भाग रुग्णावर पडू शकतो. देवासला राहणारा माणूस मोठ्या दुखण्यात मुंबईची वाट धरणारच असेल, तर त्याने हे आधीच जमेस धरावे. बिनारोख उपचार देणाऱ्या रुग्णालयांची यादी पाहताना आपल्या गावाबरोबर आईवडिलांचे गावही पाहावे.

प्रस्तावाचा अर्ज प्रतिनिधीला भरू देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडावी. ‘रक्तदाब लिहू नका, हप्ता वाढेल’ हा सल्ला देणारा मनुष्य दावा नाकारला जाईल त्या दिवशी आपल्या शेजारी उभा नसतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, तर त्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज अन्य कारणाने, माहिती दडविली म्हणून दावा नाकारता येत नाही. परंतु त्या ५ वर्षांत काय घडेल याची शाश्वती कोण देणार? खरे लिहिले तर बहुधा हप्ता वाढतो किंवा थांबावे लागते. हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसींना माफ झाला आहे; वाढलेल्या हप्त्याचा भार तेवढा हलका झाला, असे समजावे.

इतके करूनही दावा अन्यायाने नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती न पटल्यास परत करता येते, आणि थोडी वजावट होऊन हप्ता परत मिळतो. या ३० दिवसांत निदान तीन गोष्टी पाहाव्यात: सर्वांची नावे व जन्मतारखा बरोबर आहेत का, आपण सांगितलेले आजार त्यात उतरले आहेत का, आणि बाळाचे नाव घालावयाचे झाल्यास कंपनीला किती दिवसांत कळवावे लागते.