डिस्कचा पोटखराबा

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा माझं मराठी जरा सांभाळून घ्या. पण बॅड सेक्टर हा विषय मला खऱ्या अर्थाने समजला तो मराठीतच, आणि तोही मुरबाड तालुक्यात, मामाच्या भातगिरणीत.

आम्ही शहापूरचे. दिवाळीच्या सुट्टीत किन्हवली-सरळगाव रस्त्याने मामाकडे गेले. गिरणीत १९९६ सालचा ४८६ कॉम्प्युटर अजून चालू होता. ८५० एमबीची हार्ड डिस्क, डॉस आणि फॉक्सप्रो. कोणाचं किती भात आलं, कोणाचे किती पैसे द्यायचे, सगळं त्यातच. त्या दिवशी डिस्क खरखरली आणि स्क्रीनवर आलं, 'डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह सी'. मामा म्हणाला, "अगं, तू इंजिनीअर ना? बघ जरा. लोकांचे पैसे आहेत त्यात."

अशा जुन्या डिस्कवर माहिती ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये लिहिलेली असते. सोबत तपासणीसाठी थोडे जादा बिट असतात. पृष्ठभाग खराब झाला की हा हिशेब जुळत नाही, तोच बॅड सेक्टर. १९८० च्या दशकातल्या डिस्कवर तर अशा खराब जागांची यादी कारखान्यातूनच लेबलवर चिकटवून यायची! फॉरमॅट करताना डॉस त्या जागेच्या क्लस्टरसमोर फॅट टेबलमध्ये एफएफएफ-७ हा आकडा लिहितं. मग तिथे कोणतीही फाइल ठेवली जात नाही.

हे सांगितल्यावर मामा हसून म्हणाला, "म्हणजे सातबाऱ्यावरचा पोटखराबा!" अगदी बरोबर. जमीन गटातच असते, पण पेरणीत धरत नाहीत. लिनक्सच्या ईएक्सटी-२ मध्येही पहिला आयनोड अशा खराब ब्लॉकसाठीच राखून ठेवलेला असतो.

पुढे आयडीई डिस्क स्वतःच राखीव सेक्टर ठेवू लागल्या. खराब सेक्टरच्या बदली चांगला दिला जातो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला पत्ताही लागत नाही. म्हणून अशा डिस्कवर एरर वारंवार दिसू लागल्या तर समजावं, राखीव जागाही संपत आली असेल.

इथे माझी चूक झाली. मी लगेच स्कॅनडिस्क लावलं. १९९३ च्या डॉस ६.२ पासून ते मिळतं. पण ते पूर्ण क्लस्टर बाद करतं. इथे एक क्लस्टर १६ केबीचा, म्हणजे ३२ सेक्टर. एका दगडापायी अख्खं खाचर सोडायचं! शिवाय मरणाऱ्या डिस्कला उगाच पळवलं ते वेगळंच. खरखर वाढली तशी घाबरून बंद केलं.

मग डिस्क काढून अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू चालवलं. ते आधी चांगला भाग उतरवून घेतं, अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. रात्रभरात तीन लागोपाठ सेक्टर सोडून सगळं आलं. फॉक्सप्रोची प्रत्येक नोंद ६४ बाइटची, त्यामुळे फक्त २५ नोंदी गेल्या.

त्या २५ कुठून आणणार? मामीने कपाटातून तिची वही काढली. कॉम्प्युटर आल्यापासून ती रोज संध्याकाळी लिहीत होती. आम्ही सगळे तिला हसायचो. तासाभरात हिशेब पूर्ण झाला.

तेव्हा मित्रांनो, क्रम लक्षात ठेवा: आधी कॉपी, मग दुरुस्ती. आणि बॅकअप घ्या, मामीसारखा रोज.